आर्डिसला तीनदा विचारावं लागतं

आर्डिस फेटिगला कुणी कॉफी विचारली की ती म्हणते, "नको, कशाला उगाच." दुसऱ्यांदा विचारलं की म्हणते, "खरंच नको, आत्ताच घेऊन आले." तिसऱ्यांदा विचारलं की म्हणते, "बरं, अर्धाच कप. तुम्ही ओतलीच आहे तर." मग ती तीन कप पिते.

यात लबाडी नाही. नॉर्डालच्या लुथरन चर्चच्या तळघरात, लग्नाच्या आणि मयताच्या जेवणांत जी मुलगी वाढली, ती दुसरं काय शिकणार? आमच्या नॉर्वेजियन लोकांत पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर चार दिवसांचा उपाशी असतो, नाहीतर परगावचा. त्या तळघरात ताटलीतली शेवटची वडी कुणी उचलत नाही. एक जण ती निम्मी करतो, दुसरी उरलेल्याची निम्मी करते, करता करता सुरीलाही सापडणार नाही एवढा कण उरतो, आणि तो कुणीतरी फडक्याखाली झाकून ठेवतं. उद्या लागला तर असावा.

ऑल्विन फेटिग पलीकडच्या परगण्यातला. तिकडं रशियातून आलेल्या जर्मनांची शेतं. त्यांच्यात एकदाच विचारतात. नको म्हणालात तर ताट उचलतात, आणि उपाशी झोपलात तर तो तुमचा प्रश्न. ऑल्विननं आर्डिसला लग्नाचं विचारलं ते धान्याच्या कोठारापुढं, ट्रकचं वजन करायच्या रांगेत. ती म्हणाली, "छे, काहीतरीच." ऑल्विननं मान डोलावली, गहू उतरवला आणि घरी गेला. तो पुन्हा आला नाही. आर्डिस आठवडाभर खिडकीत. शेवटी तिचे वडील, ज्यांना बोलणं हा खर्च वाटे, गाडी काढून फेटिगांच्या शेतावर गेले. बराच वेळ ऑल्विनच्या कापणीयंत्राचा गंज बघत उभे राहिले, गंजाबद्दल दोन शब्द बोलले, आणि परत गाडीत चढताना म्हणाले, "अजून दोनदा विचार."

संध्याकाळी ऑल्विन दारात. टोपी हातात. "करतेस? करतेस? करतेस?"

धोका नको म्हणून तो एक जास्तीचं विचारून बसला, पण आर्डिसनं त्याला सांभाळून घेतलं. कोठारापुढचं ते पहिलं धरलं, दुसऱ्याला नको म्हणाली, मग थोडी थांबून, "बरं. तू एवढा आलाच आहेस तर."

ऑल्विनची समजूत अशी झाली की हा नियम फक्त लग्नापुरता आहे. एकदा लग्न लागलं की तो संपला. या समजुतीवर त्यानं सगळा संसार हाकला.

तर घरगाडीचं. लेक जनेल शाळेत जायला लागली त्या वर्षी त्यांनी आर.व्ही. घेतली. आत चूल, बिछाने, संडास, आणि जेवायच्या टेबलाशी दोन बाकं. दर उन्हाळ्यात पेरणीनंतर वायोमिंगच्या डोंगरातल्या त्याच राष्ट्रीय उद्यानात जायचं हे ठरलेलं. पहिल्याच वर्षी खिंड चढण्याआधी ऑल्विननं गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "चालवतेस?"

आर्डिसनं मांडीवरचा नकाशा घडी घालून बाजूला ठेवला. सुगीत धान्याचा ट्रक तीच चालवी. तिथं कुणी विचारत नसे, किल्ली हातात कोंबत. पण इथं कुणी तरी तिला विचारलं होतं. समोर डोंगर, खाली दरी, आणि स्टिअरिंगचं एवढं मोठं चाक.

"नको," ती म्हणाली. "तूच चालव. छान चालवतोस."

"बरं," ऑल्विन म्हणाला, आणि त्यानं चालवली. त्या खिंडीत, पुढच्या खिंडीत, आणि त्यानंतरच्या सगळ्या उन्हाळ्यांत.

आर्डिस उजवीकडच्या खुर्चीत बसून नकाशा बघे, पावांना लोणी लावी, आणि मुक्कामाला पोचलं की खाली उतरून गाडीच्या मागं उभी राहून हात करी. घरगाडी मागे घेऊन झाडांच्या मधल्या जागेत बसवायची म्हणजे मागे कुणीतरी उभं लागतंच. तिचे हात ठरलेले. दोन्ही तळवे पुढं, थांब. उजवा हात भजनातल्यासारखा, ये, ये, ये. दोन्ही हात कमरेवर म्हणजे तुला सांगून उपयोग नाही. आणि पाठ फिरवून चालू लागली म्हणजे झाडाला लागली. हे सगळं ऑल्विन आरशात बघे. गोऱ्या गालांची, वाऱ्यात डोळे बारीक करणारी बायको त्याला वर्षानुवर्षं बाजूच्या आरशातच जास्त दिसली असेल.

गेल्या हिवाळ्यात ऑल्विनच्या मानेचं ऑपरेशन झालं. मणके स्क्रूनं जोडून टाकले. दुखणं गेलं, वळणं पण गेलं. बाजूला काय आहे ते बघायचं तर अख्खा ऑल्विन वळवावा लागतो, दारासारखा. डॉक्टर म्हणाले आरसे बघून चालव, चालेल. पण वसंतात ऑल्विन चर्चमध्ये आमच्यातल्या हार्लन लोकनला म्हणाला, "घरगाडी विकायचीय. घेतोस?"

हार्लन म्हणाला, "छे, मला कशाला."

"बरं," ऑल्विन वळला. अख्खा. हार्लन दोन रांगा ओलांडून त्याच्या मागं धावला. "अरे, म्हणजे तुझी अडचण असेल तर घेतो!" ऑल्विन म्हणाला, "दिली." एका दमात. हार्लनला ते लागलं. एवढी जुनी गाडी, आणि माणसानं एकदाही आढेवेढे घेतले नाहीत? नक्कीच मनात काहीतरी असणार. तेव्हापासून तो फोन करून विचारत होता, "ऑल्विन, द्यायची आहे ना खरंच?" ऑल्विनला वाटे, हार्लनचे कान गेले. ठरलं असं की हा उन्हाळा शेवटचा. उद्यानातून परत आलं की गाडी हार्लनच्या अंगणात.

आर्डिसला कुणी विचारलं नाही.

तिनं डकोटा ओलांडेपर्यंत एक वाक्य तयार केलं होतं. गाडी विकू नकोस, मी चालवते. साधं वाक्य. पण ते आपण होऊन तोंडातून काढायचं म्हणजे चर्चमध्ये उभं राहून पाद्र्याच्या आधी गायला लागण्यासारखं. तिनं आणखी एका पावाला लोणी लावलं. कोपऱ्यापर्यंत.

मागच्या बाकावर पट्टा लावून बसलेल्या होत्या ऑल्विनच्या आई, रोझिना. नव्वदीच्या. मांडीवर मलईचा केक, कूखन म्हणतात त्याला, डबा दोन्ही हातांनी धरलेला, कारण वळणावर माणसापेक्षा कूखन आधी सांडतो. शेजारी लेक जनेल, वडिलांच्या मानेकडं लक्ष ठेवायला म्हणून फार्गोहून रजा काढून आलेली.

"आई," जनेल पुढं वाकून कुजबुजली, "सांग ना बाबांना."

"काय सांगू?"

"तुला चालवायचीय ते."

"मी कुठं म्हटलं तसं?"

"तू पाय दाबतेयस. ब्रेकच्या जागी. घर सोडल्यापासून."

आर्डिसनं पाय मागं घेतला. "पायाला मुंग्या आल्यात."

"माझा मुलगा सरळ आहे," रोझिनाबाई मागून म्हणाल्या. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे म्हणतात, त्यांच्याशिवाय. "जन्मापासून सरळ. तेव्हा मान वळत होती तरी वळला नाही, आता तर काय, स्क्रू मारलेत."

"काय म्हणते आई?" ऑल्विननं रस्त्याकडं बघत विचारलं.

"रस्ता छान आहे म्हणतात," आर्डिस म्हणाली.

उद्यानात शिरल्यावर थोड्याच वेळात रांग थांबली. बायसन रस्त्यावर आले होते. बायसन आले की थांबायचं. ते म्हणतील तितका वेळ. ऑल्विननं इंजिन बंद केलं. आर्डिसनं पाव वाटले. एक म्हातारा नर, अंगावरची लोकर जुन्या रजईसारखी लोंबणारी, रांगेतल्या गाड्या बघत बघत आला, फेटिगांच्या गाडीपाशी थांबला आणि ऑल्विनकडच्या आरशावर मान घासू लागला.

"घासतोय," ऑल्विन म्हणाला.

"दिसतंय," आर्डिस म्हणाली.

"मला नाही दिसत. ऐकू येतंय."

गाडी डावीकडं उजवीकडं झुलू लागली. रोझिनाबाईंनी कूखन उंच धरला. बायसनला मजा येत असावी, कारण त्यानं डोळे मिटले होते. मग कडाड झालं आणि घासणं थांबलं. बायसन पुढं निघाला तेव्हा आरसा, तारांसकट, त्याच्या मानेच्या लोकरीत अडकला होता. तो डुलत डुलत कुरणात गेला. आरशात ऊन चमकत होतं, मागची सगळी रांग त्यात उभी होती, आणि सगळी रांग त्याचे फोटो काढत होती. ज्याला मागं वळून कधी बघायचं नव्हतं त्याच्याकडं आरसा गेला.

"आरसा गेला," ऑल्विन म्हणाला.

मग रोझिनाबाई म्हणाल्या, "कूखन वाचला."

मुक्कामाची जागा त्यांची नेहमीचीच, दोन पाईनच्या मध्ये, वर्तुळाकार रस्त्याच्या आतल्या अंगाला. रस्ता एकाच दिशेचा. चुकलं तर पूर्ण फेरी मारून यायचं. आणि घरगाडी मागं घ्यायला लागली की तळावरचे लोक घडीच्या खुर्च्या बाहेर काढतात. तिथं टीव्ही लागत नाही, त्यामुळं हाच कार्यक्रम.

आर्डिस खाली उतरली, मागं उभी राहिली, हात केला. ये, ये, ये. ऑल्विनला उजव्या आरशात ती अर्धी दिसली. अर्ध्या आर्डिसवरून त्यानं अंदाज बांधला. तिनं तळवे पुढं केले, ते त्याच्या न दिसणाऱ्या अर्ध्यात गेले. पाईनची फांदी वाकली. तिनं पाठ फिरवली. ऑल्विननं गाडी पुढं काढली आणि फेरी मारायला निघून गेला.

दुसऱ्या फेरीला खुर्च्या वाढल्या. शेजारच्या जागेत टेक्ससचा एक आडवातिडवा गृहस्थ होता, पायात बूट, डोक्यावर छपरासारखी टोपी. तो उठून आर्डिसकडं आला. "बाई, मी लावून देऊ का गाडी? असल्या चार चालवल्यात मी."

"नको, नको," आर्डिस म्हणाली, "तुम्ही बसा."

"ठीक आहे," म्हणून तो खरंच जाऊन बसला.

आर्डिस त्याच्याकडं बघतच राहिली. एकदा? एवढ्या मोठ्या राज्यात एकदाच विचारतात?

तिसऱ्या फेरीत ऑल्विननं वेग कमी केला. पाचव्या फेरीला तळावरच्या मुलांनी हात हलवायला सुरुवात केली, चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक समजून. जनेल मागच्या खिडकीतून हात हलवत होती, दुसरं काय करणार. रोझिनाबाईंनी चुलीवर सूप गरम करायला ठेवलं, वळण आलं की झाकण दाबून धरायचं. कुठल्याशा फेरीत टेक्ससवाल्याच्या बायकोनं चालत्या गाडीत खिडकीतून मक्याच्या पावाची ताटली दिली. रोझिनाबाईंनी ती घेतली. नको वगैरे म्हणाल्या नाहीत.

मग गाडी आली आणि आर्डिससमोर उभी राहिली. ऑल्विननं इंजिन बंद केलं नाही, पण हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले. आर्डिस दारापाशी गेली. त्याच्या मानेवर घाम होता.

"आर्डिस," तो समोर बघत म्हणाला. त्याला समोरच बघता येतं. "तू लावतेस का?"

इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते दुसरं विचारणं हे असं, मक्याच्या पावाच्या वासात, अनोळखी लोकांच्या खुर्च्यांसमोर आलं. तिनं तोंड उघडलं. आणि स्वतःच्याच कानांनी ऐकलं, "नको. तूच लाव. छान लावतोस."

खुर्च्यांतून कुणीतरी खोकलं.

"बरं," ऑल्विन म्हणाला, आणि गाडी पुढं गेली.

आर्डिस त्या दोन पाईनच्या मधल्या रिकाम्या जागेत उभी राहिली. स्वतःची जीभ उपटून पाईनला खिळ्यानं ठोकावी असं तिला वाटलं. आणखी एकदा. फक्त एकदा, सांगा रे कुणीतरी याला विचारायला. वडील असते तर त्यांनी गाडी काढली असती, गंजाबद्दल बोलले असते. पण ते कधीच गेले, आणि नॉर्डालच्या दफनभूमीतून इथं यायला दोन दिवस लागतात.

गाडी वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मागून येणाऱ्या एका गाडीनं भोंगा वाजवला. मग ती पुन्हा हळूहळू निघाली, जशी मयताची गाडी निघते, आणि आर्डिसपाशी आली. ऑल्विननं काच खाली केली. मागच्या बाकावर रोझिनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, मुलाला नुकतंच काही सांगून बसलेल्या बाया बघतात तशा.

"आत्ता विचारलं ते दुसऱ्यांदा होतं?" ऑल्विन म्हणाला.

"हो," आर्डिस म्हणाली.

"आणि पहिल्यांदा?"

"खिंडीखाली. पहिल्या वर्षी. तुझं लाल जाकीट होतं."

ऑल्विन विचार करू लागला. त्याचा विचार त्याच्या कपाळावर नांगरासारखा चालतो, सगळ्यांना दिसतो. "ते तू अजून धरून आहेस?"

"धरून कशाला? लक्षात राहतं."

"म्हणजे एवढी वर्षं तू थांबली होतीस."

"मला काही घाई नव्हती," आर्डिस म्हणाली.

ऑल्विननं दार उघडलं, अख्खा वळला, दोन्ही पाय खाली टेकले. टोपी काढली. कपाळावर टोपीची पांढरी रेघ होती, दारात उभ्या राहिलेल्या त्या पोराच्या कपाळावर होती तीच.

"चालवतेस?"

"बरं," आर्डिस म्हणाली. "तू एवढा उतरलाच आहेस तर."

चाक तिच्या हाताला मोठं लागलं नाही, ट्रकचं याहून मोठं होतं. तिनं खुर्ची पुढं ओढली, उजवा आरसा नीट केला, पुढं काढून नीट मागं घ्यायची म्हणून निघाली, आणि जागेपाशी थांबलीच नाही. फेरी मारली. मग आणखी एक. जनेल म्हणाली, "आई, झालं ना आता," तेव्हा आर्डिस म्हणाली, "अंदाज घेतेय." खुर्च्यांतले लोक उठून उभे राहिले होते. रोझिनाबाई सूप धरून म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा हिच्यात कमी सांडतं, ऑल्विन," पण ऑल्विन बाहेर होता.

तो मागं उभा होता, आर्डिसच्या जागी. तिनं डावीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मान वळवली. तो हात करत होता, तिचेच हात, एकूण एक. भजनातला हात. तळवे. मग ती जरा वाकडी आली तेव्हा त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले, अगदी तिच्यासारखं, कोपरं बाहेर काढून, आणि ओठ मुडपून. आर्डिसला पहिल्यांदा कळलं की आपण गाडीमागं कशा दिसतो. ती इतकी हसली की ब्रेकवरचा पाय निसटला आणि घरगाडीनं मागच्या लाकडी टेबलाला हलकेच ढकलत सावलीत नेऊन ठेवलं. तसं ते तिथंच बरं होतं. पाईन दोन्ही सलामत.

टाळ्या झाल्या. आर्डिस उतरली, लाल होऊन. "छे, त्यात काय एवढं."

टेक्ससवाला म्हणाला, "ठीक आहे," आणि टाळ्या थांबवून बसला. त्याचा काही इलाज नाही.

तळावर फोन लागतो तो फक्त स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीपाशी. संध्याकाळी ऑल्विन तिथं उभा राहिला आणि हार्लनला म्हणाला, "हार्लन, गाडी देत नाही. आर्डिस चालवते."

पलीकडं हार्लनचा जीव भांड्यात पडला. आर्डिसला दोन पावलांवरून ऐकू येत होतं. आता कसं, आता माणूस रीतीला आला. "अरे, द्यायची म्हणाला होतास," हार्लन मायेनं म्हणाला.

"नाही देत."

"बघ हं ऑल्विन, मी शेड रिकामी केलीय. घेऊन जाऊ ना?"

ऑल्विननं फोन कानापासून दूर धरून त्याकडं बघितलं. "याचे कान गेलेत," तो आर्डिसला म्हणाला. "नाही म्हटलं तर खूष होतोय."

आर्डिसला सगळं कळलं. एक नाही झालं, दुसरंही झालं. आता हार्लन तिसऱ्यांदा विचारणार, प्रेमानं विचारणार, आणि तिसऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. तिसऱ्याला बरं म्हणतात. तळघरात तिसऱ्याला नाही म्हटलेलं कुणी ऐकलेलं नव्हतं. हार्लन ऑल्विनच्या कुठल्याही शब्दाला बरं समजून उद्या शेड झाडणार. हे जर्मन माणसाचं काम नव्हतं. तिनं फोन घेतला.

"हार्लन, मी आर्डिस."

"अगं आर्डिस. बरं झालं. तूच सांग त्याला. घेऊन जाऊ ना गाडी?"

"नाही, हार्लन."

पलीकडं खुर्ची करकरली. हार्लनचा श्वास ऐकू येत होता. त्याची बायको लांबून काय झालं म्हणून विचारत होती.

"आर्डिस," हार्लन हळूच म्हणाला, "हे तिसरं होतं."

"माहीत आहे मला."

"म्हणजे आता मी काय करायचं?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्यात पुढं काय करतात ते कुणाला ठाऊक नाही.

"हवं तर चौथ्यांदा विचार," आर्डिस म्हणाली. "मी इथंच आहे."

हार्लननं विचार केला. "विचारतो," तो म्हणाला. "गाडी देतेस?"

"नाही."

"मग राहू दे," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता. शेड त्याला तशी मोकळीच आवडत होती, पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. "परत आलीस की कॉफीला ये."

"नको, कशाला उगाच," आर्डिस म्हणाली.

"ये गं."

"खरंच नको, तुम्हाला त्रास."

तेवढ्यात फोन कटला. तिथं तसा तो मधूनच कटतो. आर्डिस भिंतीपाशी थांबून राहिली, तिसरं येईल म्हणून. ऑल्विन शेजारी उभा राहिला. अंधार पडायला लागला तसं त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली, काही न विचारता तिच्या हातात कोंबली, आणि अख्खा वळून सूप प्यायला निघून गेला.